एका चेहऱ्याच्या वाट्याला किती जागा?



ज्या सभागृहात मी विद्यार्थी म्हणून सतरंजीवर मागे बसत असे, तेथे आज व्याख्याता म्हणून उभा राहताना संकोच वाटतो. मी विद्वान नाही. पोटासाठी नोकरी केली आणि उरलेला वेळ छायाचित्रणात घालवला, एवढीच माझी मिळकत. तरीही संयोजकांनी आग्रहाने बोलावले, याचे कारण मला ठाऊक आहे. ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होते, त्या आपल्या चित्रकलेच्या सरांनी शाळेच्या जिन्याखालच्या खोलीत जी काही मुले छायाचित्रणाला लावली, त्यांतील मी एक. विषय निवडला आहे तो लहानमोठ्या कॅमेऱ्यांच्या आणि भिंगांच्या तुलनेचा. हौशी मंडळींमध्ये यावर जितका वाद होतो, तितका क्वचितच दुसऱ्या कशावर होत असेल. या वादात मीही हिरिरीने भाग घेतला आणि एकदा त्याच्या भरात या शाळेचे नुकसान केले. त्याची कबुली द्यावी, हाही आजच्या बोलण्याचा हेतू आहे.

जिन्याखालची ती खोली पुष्कळांना आठवत असेल. दाराच्या फटींना काळा कागद, आत एक लाल दिवा, तीन तसराळी आणि हायपोचा तो नाकात बसणारा वास. माझ्या हाती पहिला कॅमेरा आला तो तेथेच, १९६० च्या दशकात. आग्फा क्लिक थ्री. हा कॅमेरा आपल्या बडोद्यातच, न्यू इंडिया इंडस्ट्रीजच्या कारखान्यात तयार होई, याचा आम्हां मुलांना कोण अभिमान! भिंग अगदी साधे. १२० नंबरच्या फिल्मवर बारा चौकोनी फोटो निघत. प्रत्येक निगेटिव्ह ५६ मि.मी. लांब आणि तितकीच रुंद. एन्लार्जर नसला तरी चालत असे. निगेटिव्ह ब्रोमाइड कागदावर टेकवून काँटॅक्ट प्रिंट काढली की पाहण्याजोगा फोटो हाती येई.

छायाचित्रणाची परंपरा या शहराला नवी नाही. सयाजीराव महाराजांच्या काळात १८९० मध्ये येथे कलाभवन स्थापन झाले आणि दादासाहेब फाळके तेथे शिकले. चित्रपटाच्या वेडाने ते विलायतेस गेले आणि तेथून आणलेल्या कॅमेऱ्याने १९१२ मध्ये त्यांनी कुंडीतील रोपाची वाढ दिवसामागून दिवस टिपली. त्या चलत्‌चित्राच्या फिल्मची रुंदी होती ३५ मि.मी. आणि एकेक चौकट सुमारे २४ बाय १८ मि.मी.ची. त्याच सुमारास जर्मनीत ऑस्कर बार्नाक नावाचा तंत्रज्ञ तीच फिल्म आडवी फिरवून, दोन चौकटींची जागा एका चित्राला देऊन, खिशात मावेल असा कॅमेरा घडवीत होता. २४ बाय ३६ मि.मी. हे माप तेथून रूढ झाले. १९२५ मध्ये लायका या नावाने तो कॅमेरा बाजारात आला आणि लाकडी पेटी, तिपाई, काळा कपडा व काच यांच्या जोडीला एक लहान, चपळ भावंड उभे राहिले. लहान-मोठ्याचा वाद तेव्हापासूनचा आहे.

आमचा वाद दांडिया बाजारातील एका वाड्याच्या माडीवर चाले. दर रविवारी सकाळी पाच-सहा मित्र जमत. एकाजवळ १२० फिल्मचा कॅमेरा, एकाजवळ जुना फोल्डिंग, माझ्याजवळ काटकसरीने घेतलेला ३५ मि.मी.चा. भिंतीवर वर्तमानपत्राचे पान चिकटवायचे, प्रत्येकाने आपापल्या कॅमेऱ्याने ते टिपायचे आणि पुढच्या रविवारी भिंग लावून कोणाची अक्षरे ठसठशीत हे पाहायचे. चहा निवून जाई, पण निकाल लागत नसे. आठ बाय दहा इंचांच्या प्रतीत कोणता फोटो कोणाचा, हे आम्हांला स्वतःलाही ओळखता येईना. सोळा बाय वीस इंचांची प्रत काढली, तेव्हा मोठी निगेटिव्ह पुढे गेली. मात्र साध्या भिंगाचा क्लिक थ्री निगेटिव्ह मोठी असूनही मागेच राहिला. त्याची कोपऱ्यांतील अक्षरे विरघळल्यासारखी दिसत. निगेटिव्हच्या आकाराइतकेच भिंगाला महत्त्व, हा पहिला धडा. ज्याने तिपाई वापरली तो बहुतेक वेळा जिंकला, हा दुसरा.

सर्वांत मोठे भांडण होई ते छिद्राच्या आकड्यावरून. एक म्हणे, ‘‘एफ ४ म्हणजे एफ ४, कॅमेरा लहान असो की मोठा, उजेड तितकाच.’’ दुसरा म्हणे, ‘‘मग लहान निगेटिव्हच्या चित्रात रवा का दिसतो?’’ आज डिजिटल कॅमेऱ्यांच्या सेन्सरांवरून नेमके हेच भांडण चालू आहे. खरे पाहता दोघेही बरोबर असतात. पावसात अंगणात एक परात आणि एक वाटी ठेवा. काही वेळाने दोन्हींत पाणी एकाच उंचीचे भरेल. पण परातीतले पाणी वाटीतल्यापेक्षा पुष्कळच जास्त असेल. उंची म्हणजे एफचा आकडा; फिल्मचा तुकडा किती वेळ उजेडात धरायचा, ते तो सांगतो. एकूण पाणी म्हणजे चित्राला मिळालेला एकूण उजेड. तो क्षेत्रफळावर ठरतो. ३५ मि.मी.च्या चौकटीचे क्षेत्रफळ ८६४ चौरस मि.मी. आजच्या फोर थर्ड्‌स मापाच्या सेन्सरचे सुमारे २२५, म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा. क्लिक थ्रीच्या निगेटिव्हचे ३,१३६. आणि जुन्या छायाचित्रकारांच्या फुल प्लेटचे, साडेसहा बाय साडेआठ इंचांचे, पस्तीस हजारांहून अधिक. म्हणजे लायकाच्या चौकटीच्या एक्केचाळीस पट.

आता एकाच जागी उभे राहून, तेवढेच दृश्य वेगवेगळ्या कॅमेऱ्यांत बसवायचे आहे असे समजा. ३५ मि.मी.च्या कॅमेऱ्याला ५० मि.मी. नाभीय अंतराचे भिंग लागत असेल, तर फोर थर्ड्‌सला २५ पुरते आणि फुल प्लेटला ३०० च्या आसपास लागते. नाभीय अंतराला एफच्या आकड्याने भागले की छिद्राचा व्यास मिळतो. २५ ला २ ने भागा, ५० ला ४ ने भागा. दोन्हींचे उत्तर साडेबारा मि.मी. व्यास सारखा, म्हणजे समोरून तेवढ्याच वेळात आत येणारा एकूण उजेड सारखा, आणि पुढचे-मागचे किती खोलपर्यंत स्पष्ट दिसेल तेही जवळजवळ सारखे. ही साधी भागाकाराची रीत आम्हांला वेळीच सुचली असती, तर कित्येक रविवार वाचले असते.

आणखी एक समजूत दूर करतो. रुंद कोनाचे भिंग नाक मोठे करते, असे म्हणतात. नाक मोठे दिसते ते आपण फार जवळ जाऊन उभे राहतो म्हणून. जवळच्या व दूरच्या वस्तूंचे परस्परांशी प्रमाण आपण कोठे उभे आहोत यावर ठरते. भिंग फक्त त्यातील किती भाग चौकटीत घ्यायचा ते ठरवते. म्हणून सर म्हणत, ‘‘आधी पाय कुठे ठेवायचे ते ठरव, मग पिशवीत हात घाल.’’

येथवर शास्त्र झाले. आता कबुलीकडे वळतो.

आपल्या शाळेत दरवर्षी वरच्या वर्गांचा आणि शिक्षकांचा समूहफोटो निघे. शहरातील एक वयोवृद्ध छायाचित्रकार लाकडी कॅमेरा टांग्यातून घेऊन येत. समोरच्या पायऱ्यांवर सहा रांगांत दीडशे माणसे उभी करायला तास जाई. मग ते काळ्या कपड्याखाली शिरत, बाहेर येत, हात वर करीत आणि म्हणत, ‘‘हलायचं नाही!’’ आम्ही श्वास रोखून धरीत असू. कोणीतरी हलेच, आणि पुन्हा दुसरी प्लेट. १९७९ मध्ये शाळेने माजी विद्यार्थी म्हणून माझा सल्ला विचारला. मी मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले की, जगात आता ३५ मि.मी.चे युग आहे. हा खर्च आणि हा खटाटोप कशासाठी? मी विनामूल्य फोटो काढून देईन. मंडळाला ते पटले. वृद्ध छायाचित्रकारांचे येणे बंद झाले. पुढची सहा वर्षे समूहफोटो मी काढले. दहा मिनिटांत काम आटपे आणि मुले खूश होत.

सरांनी विरोध केला नाही. एवढेच विचारले, ‘‘अरे, एका चेहऱ्याच्या वाट्याला किती जागा येते, ते मोजलंस का?’’ मी हसून म्हणालो, ‘‘सर, आता फिल्म फार सुधारली आहे.’’ मोजले मात्र नाही.

१९९८ मध्ये एका संध्याकाळी एक बाई माझ्या घरी आल्या. त्यांचा धाकटा भाऊ आपल्या शाळेचा विद्यार्थी. शाळा सोडल्यावर थोड्याच वर्षांत तो आजारपणात गेला. पुढे एका पावसाळ्यात विश्वामित्रीचे पाणी घरात शिरले आणि ट्रंकेतील सारे फोटो गेले. त्या म्हणाल्या, ‘‘दादा, शाळेच्या १९८१ च्या फोटोत तो आहे. मागून दुसऱ्या रांगेत, डावीकडून सातवा. आईला एकदा त्याचा चेहरा बघायचा आहे.’’ निगेटिव्ह मी जपून ठेवली होती. त्याच रात्री एन्लार्जरचा खांब शेवटपर्यंत वर नेला आणि तो सातवा मुलगा कागदावर आणला. डेव्हलपरमध्ये कागद हळूहळू काळा होऊ लागला. खांदे आले, केसांचा भांग आल्यासारखा वाटला. चेहऱ्याच्या जागी रवा होता. डोळ्यांच्या ठिकाणी दोन करडे ठिपके. ते कोणाचेही डोळे असू शकले असते. मी चार प्रती काढल्या, कागद बदलले. जे निगेटिव्हवर नव्हतेच, ते कागदावर कोठून येणार? दुसऱ्या दिवशी त्या बाईंच्या हाती ती प्रत देताना मला त्यांच्याकडे पाहवेना. त्यांनी ती पदराने पुसली, बराच वेळ पाहिली आणि म्हणाल्या, ‘‘उभा राहण्याची ढब त्याचीच आहे.’’ मग नमस्कार करून गेल्या.

त्यानंतर मी सरांचे गणित सोडवले, सतरा वर्षे उशिराने. पंचवीस माणसांची रांग सुमारे अकरा मीटर रुंद. हनुवटीपासून डोक्यापर्यंत चेहरा धरा २२ सेंटिमीटर. फुल प्लेटवर ती रांग २०० मि.मी.त बसते; म्हणजे एका चेहऱ्याच्या वाट्याला ४ मि.मी. येतात आणि एका डोळ्याच्या वाट्याला अर्धा. माझ्या फिल्मवर तीच रांग ३४ मि.मी.त कोंबलेली. चेहऱ्याला पाऊण मिलिमीटरसुद्धा नाही. डोळ्याला मिलिमीटरचा दहावा भाग. शाळेच्या कपाटात १९६४ ची प्लेट आहे. तिची आज प्रत काढली तर दीडशेपैकी प्रत्येकाला नावाने हाक मारता येते. माझ्या शर्टाचे वरचे बटण तुटलेले आहे, तेही दिसते.

‘‘हलायचं नाही’’ या आज्ञेचाही अर्थ मला तेव्हा कळला. सहाही रांगा स्पष्ट यायच्या तर माझ्या ५० मि.मी. भिंगाला एफ ५.६ पुरे, छिद्र सुमारे ९ मि.मी. त्यांच्या ३०० मि.मी. भिंगाला ९ मि.मी. छिद्र म्हणजे एफ ३२. फिल्म सारख्याच वेगाची धरली तरी उजेड बत्तीस पट वेळ द्यावा लागणार. मला जेथे एका सेकंदाचा साठावा भाग लागे, तेथे त्यांना अर्धा सेकंद. तो हात वर करणे, तो रोखलेला श्वास, तो टांगा ही त्या चार मिलिमीटरांची किंमत होती. तिला आम्ही जुनाटपणा समजलो.

तर मग मोठा कॅमेरा श्रेष्ठ आणि लहान कनिष्ठ, असे मी म्हणतो का? मित्रहो, व्यासपीठावरील या तसबिरीकडे पाहा. सर खाली वाकून एका लहान मुलाच्या सदऱ्याची कॉलर नीट करीत आहेत आणि मुलाच्या कसल्याशा बोलण्यावर मनापासून हसत आहेत. हा फोटो १९८१ चा. त्याच दिवशी, त्याच कॅमेऱ्याने, त्याच रोलवर काढलेला. समूह पांगत होता, माझ्या रोलमध्ये फोटो शिल्लक होते आणि कॅमेरा गळ्यात होता. काळ्या कपड्याखालून बाहेर येऊन दुसरी प्लेट चढवीपर्यंत ते हसू संपले असते. सर नेहमी कॅमेऱ्यामागे असत. त्यांचे हसतानाचे दुसरे छायाचित्र माझ्या पाहण्यात नाही. येथे सरांच्या चेहऱ्याच्या वाट्याला त्याच इवल्याशा फिल्मवर आठ मि.मी. आले आहेत. फुल प्लेटवरच्या समूहातील चेहऱ्याच्या दुप्पट! फिल्म अपुरी नव्हती. तिच्याकडून मी एका वेळी दीडशे चेहरे मागितले, हे चुकले.

आणि उपाय किती सोपा होता! दीडशेच्या समूहाचा एक फोटो, मग चोवीस-पंचवीस जणांच्या तुकडीचा एकेक, तीन रांगांत. रांग साडेतीन-चार मीटरची, चेहरा सुमारे दोन मि.मी.चा. छत्तीस फोटोंच्या रोलमधले फक्त सहा फोटो जास्त गेले असते आणि पंधरा मिनिटे. त्या आईला मुलाचे डोळे दिसले असते.

या संदर्भात होमाई व्यारावाला यांचे स्मरण होते. देशातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून त्या ओळखल्या जातात. १९४२ पासून त्या दिल्लीत होत्या. साडी नेसून, सायकलवर सामान लादून त्या कामाला जात. चार बाय पाच इंच फिल्मचा स्पीड ग्राफिक आणि ६ बाय ६ सें.मी.चा रोलिफ्लेक्स, असे निरनिराळ्या मापांचे कॅमेरे त्यांनी हाताळले. १९७० मध्ये त्यांनी हे काम थांबवले आणि आयुष्याची अखेरची कित्येक वर्षे आपल्याच बडोद्यात शांतपणे काढली. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले, २०१२ मध्ये त्या येथेच निवर्तल्या. स्वातंत्र्याच्या त्या दिवसांतील त्यांची छायाचित्रे पाहताना कॅमेरा कोणता, हा प्रश्न आपल्या मनातही येत नाही. तो त्यांनी फोटो काढण्यापूर्वीच सोडवलेला असे.

आज फिल्म जवळजवळ गेली. काही फोनमध्ये १३ बाय ९ मि.मी.च्या आसपासचा सेन्सर असतो, आणि अनेक चित्रे क्षणात एकावर एक रचून फोन लहान आकाराची उणीव बरीच भरून काढतो. याचे मला कौतुकच आहे. पण सरांचा प्रश्न जुना झालेला नाही. आडवे सहा हजार बिंदू असलेल्या कॅमेऱ्यात आपल्या त्या अकरा मीटरच्या रांगेतील एका चेहऱ्याला १२० बिंदू मिळतात. चार हजार बिंदूंच्या फोनमध्ये ८०. आणि तोच फोटो संदेशातून पाठवताना आकसून दीड हजारांवर आला, की उरतात ३०. मूळ फोटो कोणी जपला नाही आणि फिरता फिरता लहान झालेलाच राहिला, तर माझी १९८१ ची चूक आपण रोज, हसत हसत करीत आहोत असे समजावे.

म्हणून तरुण छायाचित्रकारांना माझे सांगणे इतकेच: कॅमेऱ्यांची तुलना जरूर करा, त्यात आनंद आहे. मात्र तुलना करण्यापूर्वी समोर कोण आहे, किती जण आहेत, उजेड किती आहे, आणि हे चित्र केवढे करून, किती वर्षांनी, कोण पाहणार आहे, हे विचारा. उत्तर मिळाले की कॅमेरा आपोआप ठरतो.

शाळेला तीन विनंत्या आहेत. वार्षिक समूहफोटो पुन्हा सावकाशीने, तुकड्यातुकड्यांनीही काढावा. प्रत्येक रांगेतील नावे त्याच दिवशी लिहून ठेवावीत. चेहरा स्पष्ट असून नाव हरवले, तरी माणूस हरवतोच. आणि कपाटातील जुन्या प्लेटा व निगेटिव्ह ओलाव्यापासून दूर हलवून त्यांच्या पूर्ण आकाराच्या डिजिटल प्रती काढाव्यात. या कामाला मी माझा वेळ आणि माझे सामान देतो. माजी विद्यार्थ्यांनी घरात १९७९ ते १९८४ या सहा वर्षांतील वर्गमित्रांचे फोटो असतील तर शाळेत आणून दाखवावेत. कोणाच्या वाढदिवसाच्या, सहलीच्या, मुंजीच्या फोटोत कडेला तो मागून दुसऱ्या रांगेतला, डावीकडून सातवा मुलगा उभा असेल. त्याची आई आता नाही, बहीण आहे. तिचा पत्ता मी जपून ठेवला आहे.